प्रवेश मिळाल्यानंतरही अल्पसंख्य वैद्यकीय विद्यार्थ्यांना वेगळा आधार कशासाठी?

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवणारा विद्यार्थी मुळातच हुशार असतो, मग कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी प्रवेशानंतरही वेगळी व्यवस्था का करावी, असा आपला प्रश्न आहे. मी तेथील एका वैद्यकीय महाविद्यालयात बरीच वर्षे मेडिसिन शिकवतो. या विद्यार्थ्यांच्या बुद्धीबद्दल शंका घेण्याचे कारण मला कधी पडले नाही. अडचण अशी आहे की, डॉक्टर होण्यासाठी जे कळावे लागते त्यातले बरेचसे पाठ्यपुस्तकात नसतेच, आणि ज्याच्या घरात आधीपासून डॉक्टर आहे त्याला ते जेवता जेवता कळलेले असते.

काही समाजांतील घरांमध्ये डॉक्टर इतके कमी का, यालाही इतिहास आहे. १९१० साली शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरील अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा कृष्णवर्णीयांची सात वैद्यकीय महाविद्यालये चालू होती. अहवालाने शिक्षणाचा दर्जा वाढला हे खरे, परंतु पुढील काही वर्षांत त्यांपैकी पाच बंद पडली आणि वॉशिंग्टनचे हॉवर्ड व नॅशव्हिलचे मेहॅरी एवढी दोनच उरली. इतर बहुतेक महाविद्यालये त्या काळी कृष्णवर्णीयांना घेतच नसत. आजही लोकसंख्येत ते सुमारे १३ टक्के असताना डॉक्टरांमध्ये त्यांचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आहे. (अशा, म्हणजे लोकसंख्येतील वाट्याच्या मानाने डॉक्टरांमध्ये कमी असलेल्या, गटांत भारतीय वंशाची मुले बसत नाहीत आणि ते योग्यच आहे; लोकसंख्येतील वाट्याच्या मानाने ती वैद्यकीय महाविद्यालयांत कितीतरी अधिक आहेत.)

तिसऱ्या वर्षी विद्यार्थी वॉर्डात येतात, तेव्हा हा फरक उघडा पडतो. माझ्याकडे आलेली एक कृष्णवर्णीय विद्यार्थिनी पहाटे पाचला येऊन आपले रुग्ण तपासत असे, त्यांचे रात्रीचे रिपोर्ट तिला तोंडपाठ असत, पण राउंडच्या वेळी ती मागे उभी राही आणि विचारल्याशिवाय बोलत नसे. मी तिच्या मूल्यमापनात ‘अबोल, आत्मविश्वास कमी’ असा शेरा लिहिला. पुढे तिने सांगितले की, वरिष्ठांचे बोलणे चालू असताना मध्ये बोलणे तिला उद्धटपणाचे वाटत होते, आणि शिफारसपत्राचा विषय रोटेशन (एका विभागातली ठराविक आठवड्यांची पाळी) संपण्याआधीच काढायचा असतो हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिच्याच गटातल्या, आई-वडील दोघेही सर्जन असलेल्या मुलाने तो पहिल्या आठवड्यातच काढून ठेवला होता. तो शेरा मी लिहायला नको होता, ही खंत मला आजही आहे. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ या, डॉक्टरकीच्या परवान्यासाठीच्या पहिल्या परीक्षेचा निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो, त्यामुळे रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातील प्रशिक्षणाच्या, निवडीत स्टेप २ या पुढच्या परीक्षेचे गुण, असे शेरे आणि शिफारसपत्रे यांचे वजन वाढले आहे. म्हणून आता मी प्रत्येक नव्या गटाला पहिल्याच दिवशी बसवून घेतो आणि राउंडमध्ये केव्हा बोलावे, शिफारसपत्र कोणाकडे व केव्हा मागावे हे स्पष्ट सांगतो. दुसऱ्या आठवड्याअखेर प्रत्येकाला त्याचा शेरा आधी तोंडी सांगतो, म्हणजे सुधारायला वेळ उरतो.

हे मी सर्वांनाच सांगतो. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशाच्या वेळी वंश हा निकष म्हणून वापरण्यास मनाई केल्यापासून महाविद्यालयेही सर्वांना खुल्या असलेल्या उपक्रमांवर भर देऊ लागली आहेत. घरातून काहीच न कळलेल्यांना त्यांचा उपयोग सर्वांत अधिक होतो.

अभ्यासक्रमाकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. सेल्युलायटिस हा त्वचेचा जंतुसंसर्ग शिकवताना मी ‘त्वचा लाल होते’ असे म्हणालो, तेव्हा एका विद्यार्थ्याने आपला हात पुढे करून विचारले, “माझ्या त्वचेवर ही लाली कशी दिसेल?” माझ्याकडची सगळी छायाचित्रे गोऱ्या त्वचेची होती. गडद त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तो भाग जांभळट किंवा भोवतालच्या त्वचेहून अधिक काळसर दिसू शकतो, आणि हात लावून ऊब, सूज व ताण दुसऱ्या बाजूच्या हाता-पायाशी ताडून पाहावा लागतो. हे त्या मुलाइतकेच वर्गातल्या गोऱ्या मुलांनाही कळणे आवश्यक होते, कारण रुग्ण सगळ्यांकडेच येणार आहेत. पल्स ऑक्सिमीटर कृष्णवर्णीय रुग्णांमधील ऑक्सिजनची कमतरता अधिक वेळा चुकवतो, हे २०२० मधील अभ्यासाने ठळकपणे पुढे आणले. मूत्रपिंडाच्या कार्याचा अंदाज घेण्याच्या सूत्रातील वंशाचा गुणक (रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास उत्तर वाढवून धरणारा आकडा) वगळण्याची शिफारस २०२१ मध्ये झाली.

आता ज्यांच्या खांद्यावर हे सारे काम येऊन पडते त्यांच्याविषयी. विभागात एकच कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो प्राध्यापिका असते. विविधतेच्या प्रत्येक समितीवर तिलाच नेमतात, आणि अडचणीत आलेला प्रत्येक विद्यार्थी तिच्याच दाराशी जातो. बढतीच्या वेळी मात्र तिचे शोधनिबंध मोजले जातात. अमेरिकेत याला ‘अल्पसंख्याकांवरचा कर’ म्हणतात आणि तो शब्द अगदी नेमका आहे. महाविद्यालयाला खरोखर आधार द्यायचा असेल, तर या कामासाठी तिच्या वेळापत्रकात तास राखून ठेवावेत, ते बढतीच्या निकषांत लिहून धरावेत आणि आमच्यासारख्या इतरांनाही हे काम नेमून द्यावे.