फॉर्मवरचा रकाना ऑब्जेक्टला ‘बांधायचा’ की ऑब्जेक्टशी?

प्रश्न असा आहे. डेस्कटॉप ॲप्लिकेशन लिहिण्यावर मराठीत टिपणं काढताना ‘फॉर्मवरचं फील्ड ऑब्जेक्टला बाइंड करणे’, म्हणजे फॉर्मवर दिसणारं मूल्य प्रोग्रॅममधल्या ऑब्जेक्टच्या (माहिती सांभाळणाऱ्या घटकाच्या) मूल्याशी जोडून ठेवणे, हे कसं लिहावं? विचारणाऱ्यांना ‘डेटा बाइंडिंग’साठी ‘विदाबंधन’ सुचलं आहे (विदा म्हणजे डेटा) आणि बदल दोन्ही दिशांना पोचवणाऱ्या ‘टू-वे बाइंडिंग’साठी ‘दुतर्फा बंधन’. हे चालेल का?

माझं मत आधी सांगतो. क्रियापद ‘बांधणे’ उत्तम आहे, नाम म्हणून ‘बंध’ घ्यावा, आणि ‘बंधन’ इथे अजिबात नको.

‘बंधन’ नको, कारण त्याच फॉर्मवर तो शब्द आधीच येऊन बसला आहे. ‘हा रकाना भरणं बंधनकारक आहे’ असं आपण लिहितोच. वय ऋण असू नये, तारीख पुढची नसावी, ही सगळी मराठीत बंधनंच. डेटाबेसच्या तक्त्यावर घालतात त्या अटींनाही बंधन किंवा निर्बंध म्हटलं जातं. अशा ठिकाणी ‘या रकान्यावर बंधन आहे’ असं वाक्य आलं, की वाचणारा त्यात काय भरायला मनाई आहे ते शोधू लागेल. रकाना कुठल्या ऑब्जेक्टकडून मूल्य घेतो, हा अर्थ त्याच्या डोक्यात येणारच नाही. बंधनात मनाई आहे. बंधात नाही. ऋणानुबंध, भावबंध यांतला बंध दोन गोष्टींना एकत्र ठेवतो, कुणाला अडवत नाही.

शिवाय ‘बंध’ मोजता येतो, आणि इथे ते फार सोयीचं आहे. विंडोज फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या फॉर्म बनवण्याच्या साधनात प्रत्येक कंट्रोलपाशी (लिहिण्याची चौकट, बटण अशा पडद्यावरच्या घटकापाशी) ‘डेटाबाइंडिंग्ज’ नावाचा एक संग्रह असतो. त्यात नवी भर घालताना तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कंट्रोलचा कुठला गुणधर्म (प्रॉपर्टी), कुठलं ऑब्जेक्ट, आणि त्या ऑब्जेक्टचा कुठला गुणधर्म. या तिन्ही मिळून एक बंध. चौकटीतला मजकूर ग्राहकाच्या नावाला बांधला, हा एक. तीच चौकट चालू आहे की बंद हे ग्राहकाच्या दुसऱ्या एखाद्या गुणधर्माला बांधलं, हा दुसरा. ‘या चौकटीवर दोन बंध आहेत’ हे वाक्य लगेच कळतं. त्याच जागी ‘दोन बंधनं आहेत’ म्हणून पाहा.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. बोलताना ‘बंध’ आणि ‘बंद’ यांची गल्लत होते. ‘बंध चालू आहे’ असं बैठकीत म्हणालात तर लोक हसतील. लेखनात हा प्रश्न उरत नाही, आणि बोलताना सगळे ‘बाइंडिंग’च म्हणणार आहेत, त्यांना म्हणू द्या.

‘जोडणी’चाही विचार करून पाहिला. पण डेटाबेसशी कनेक्शन करायचं तर ती जोडणीच, आणि एका परिच्छेदात दोन वेगळ्या जोडण्या आल्या की वाचणाऱ्याचे हाल होतात. ‘बांधणी’ म्हटलं तर पुस्तकाची किंवा पक्षाची आठवते. ‘विदाबांधणी’ ऐकून कुणालाही डेटाची रचना असंच वाटेल.

आता ‘फील्ड’. माझ्या मते खरा घोळ ‘बाइंड’मध्ये नाही, या शब्दात आहे. पडद्यावर माहिती भरायची जागा म्हणजे फील्ड, आणि क्लासमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्यात, मूल्य साठवणारा चल (व्हेरिएबल) म्हणजेही फील्डच. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेत, मग ते विंडोज फॉर्म्स असो की डब्ल्यूपीएफ हे तसंच दुसरं साधन, बंध क्लासच्या गुणधर्माला लागतो, क्लासच्या फील्डला लागत नाही. नवखा माणूस ‘फील्ड फील्डला बांधा’ असं वाचतो, क्लासमध्ये उघडं फील्ड ठेवतो, आणि डब्ल्यूपीएफमध्ये चौकट रिकामी का दिसते म्हणून डोकं धरून बसतो. तेव्हा पडद्यावरच्या जागेला ‘रकाना’ म्हणा. अर्जातले रकाने भरायची आपल्याला सवय आहे, शब्द ओळखीचा आहे. मग ‘रकाना ऑब्जेक्टच्या गुणधर्माला बांधला’ या वाक्यात कुठलाच शब्द दोन कामं करत नाही.

याच वाक्यातल्या ‘ला’कडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. मराठीत गाय खुंट्याला बांधतात, पण लग्नगाठ कुणाशी तरी बांधतात. ‘ला’ आला की एक बाजू स्थिर आणि दुसरी तिच्या हुकमात. ‘शी’ आला की दोन्ही बाजू बरोबरीच्या. बोलणं, भांडणं, नातं, सगळं ‘शी’च. प्रोग्रॅमरना जो भेद करायला ‘वन-वे’ आणि ‘टू-वे’ अशी दोन वेगळी विशेषणं लागतात, तो आपल्याकडे प्रत्ययातच आहे. मूल्य ऑब्जेक्टकडून रकान्याकडे एवढंच जाणार असेल तर ‘रकाना ऑब्जेक्टला बांधला’. दोन्हीकडून जाणार-येणार असेल तर ‘रकाना ऑब्जेक्टशी बांधला’. जावाएफएक्समध्ये, म्हणजे जावा भाषेतल्या अशाच साधनात, हा भेद चांगला दिसतो. तिथे एक गुणधर्म दुसऱ्याला एकाच दिशेने बांधला आणि नंतर कोडमधून त्याला स्वतंत्र मूल्य द्यायला गेलं, तर प्रोग्रॅम अपवाद (एक्सेप्शन) फेकतो, म्हणजे चूक दाखवून अडतो: बांधलेल्याला मूल्य देता येत नाही. अगदी खुंट्याला बांधलेली गाय. दुहेरी बांधला असेल तर मात्र कुठल्याही बाजूने बदला, दुसरी बाजू बदलते.

अर्थात प्रत्ययावरच सगळा भार टाकू नये, घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो. विशेषण हवंच असेल तर ‘एकेरी’ आणि ‘दुहेरी’ घ्या, वाहतुकीच्या पाट्यांमुळे ते सर्वांना पाठ आहेत. ‘दुतर्फा’ म्हणजे दोन्ही कडांना: रस्त्याच्या दुतर्फा झाडं असतात, ती ये-जा करत नाहीत. ‘एकतर्फी’ म्हटलं की प्रेम किंवा निकाल आठवतो, दोन्हींत तक्रारीचा सूर आहे, आणि एकेरी बंधात तक्रार करण्यासारखं काही नसतं. डब्ल्यूपीएफमध्ये नुसता मजकूर दाखवणारा घटक मुळातच एकेरी बांधला जातो आणि लिहिण्याची चौकट दुहेरी. जिथे लिहायचंच नाही तिथे दुसरी दिशा कशाला?

टिपणांत नामापेक्षा क्रियापदं जास्त लागतील, आणि तिथे मराठीची चंगळ आहे. ‘अपडेट होतं’ हे एकच क्रियापद दोन्ही दिशांना वापरलं की कोण कुणामुळे बदललं हे कळत नाही. त्याऐवजी ऑब्जेक्टमधला बदल रकान्यात ‘उमटतो’ आणि रकान्यात लिहिलेलं ऑब्जेक्टमध्ये ‘उतरतं’ असं लिहा, दिशा आपोआप स्पष्ट होते. आणि ऑब्जेक्टने बदल झाल्याचं कळवणं म्हणजे ‘वर्दी देणं’. डॉटनेटमध्ये 2005 पासून यासाठी ‘आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड’ नावाचा इंटरफेस, म्हणजे क्लासने पाळायचा करार, आहे. तो न पाळणाऱ्या साध्या ऑब्जेक्टशी रकाना दुहेरी बांधला तर रकान्यातलं लिहिणं ऑब्जेक्टमध्ये नीट उतरतं, पण कोडने केलेला बदल रकान्यात उमटत नाही, कारण वर्दी कुणी दिलेलीच नसते. हे सगळं ‘अपडेट’ या एका शब्दात सांगायला जा, तीन ओळी लागतील.

‘उतरणे’ वेगळं ठेवण्याचा आणखी एक फायदा. विंडोज फॉर्म्समध्ये काही वेगळं सांगितलं नाही, तर चौकटीतलं मूल्य ऑब्जेक्टमध्ये उतरतं ते रकाना सोडताना होणाऱ्या तपासणीच्या वेळी. एकेक अक्षर टाइप होताना नाही. आता माणूस नाव दुरुस्त करतो आणि तिथूनच टूलबारवरचं ‘जतन करा’ दाबतो. टूलबारचं बटण फोकस (टायपिंगचा रोख) स्वतःकडे घेत नाही, त्यामुळे रकाना सोडला असं होतच नाही, तपासणी होत नाही, आणि पडद्यावर नवं नाव दिसत असताना साठवलं जातं जुनं. बंध शाबूत आहे, मूल्य उतरलेलं नाही. या दोन गोष्टींना दोन शब्द असले, तर हा दोष समजावणं एका वाक्याचं काम आहे.

तसंच ‘सुटणे’ आणि ‘तुटणे’. आपणच बंध काढला तर तो ‘सोडला’. गुणधर्माचं नाव चुकल्यामुळे लागलाच नाही, तर ‘बंध लागला नाही’ म्हणा; ‘तुटला’ नको, कारण तुटण्याआधी लागावा लागतो. डब्ल्यूपीएफ अशा वेळी प्रोग्रॅम थांबवत नाही, डीबगिंगच्या (चुका शोधण्याच्या) आउटपुट खिडकीत एक ओळ टाकून गप्प बसतं.

जाता जाता एक सावधगिरी. विंडोज फॉर्म्समध्ये ‘करन्सीमॅनेजर’ नावाचा क्लास भेटेल. त्याचं ‘चलन व्यवस्थापक’ करू नका, त्याचा पैशांशी संबंध नाही. यादीतली सध्या कुठली नोंद समोर आहे, एवढंच तो सांभाळतो. मराठीत लिहायचं तर ‘चालू नोंद सांभाळणारा’, आणि क्लासचं नाव मूळ आहे तसंच राहू द्यावं.