अंकांची बेरीज ४४० की ४४९?

प्रश्न : मुलीच्या स्पर्धा परीक्षेच्या सराव पुस्तिकेत असे उदाहरण आहे : १० च्या ५० व्या घातातून ७४ वजा केल्यास येणाऱ्या संख्येतील सर्व अंकांची बेरीज किती? पुस्तिकेत उत्तर ४४० दिले आहे, आमचे मात्र ४४९ येते. नवाची कसोटी लावली तर दोन्ही उत्तरे टिकतात. मग चूक कोणाची?
— एक पालक, सांगली

उत्तर : पुस्तिकेचे उत्तर बरोबर आहे. १० चा ५० वा घात म्हणजे १ वर ५० शून्ये, अर्थात ५१ अंकी संख्या. परंतु तिच्यातून ७४ वजा करताच आघाडीचा १ हातचे देण्यात खर्ची पडतो आणि ५० अंकी संख्या उरते. तिचे शेवटचे दोन अंक २६ असल्याने नऊ हा अंक ४८ वेळा येतो, आणि ४३२ मध्ये ८ मिळवून बेरीज ४४० होते. आपण ५१ अंकांतून दोन वगळून ४९ नऊ धरलेले दिसतात.

नवाची कसोटी दोन्ही उत्तरांना का लागू पडली, हे पाहण्यासारखे आहे. कोणत्याही संख्येला ९ ने भागल्यास उरणारी बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागल्यास उरणारी बाकी सारखीच असते. येथे ती ८ आहे, आणि ४४० व ४४९ या दोहोंचीही बाकी ८ च येते. एखादा नऊ जास्त किंवा कमी मोजला गेला तरी बाकी बदलत नाही. म्हणजे शेवटच्या अंकांतील बहुतेक चुका ही कसोटी पकडते, पण नवांच्या मोजणीतील चूक तिला कधीच दिसत नाही, आणि अशा उदाहरणांत घसरायला होते ते नेमके तिथेच.

म्हणून मोजणीच टाळावी. आधी १० च्या ५० व्या घातातून १ वजा करावा, म्हणजे बरोबर ५० नऊ मिळतात आणि त्यांची बेरीज ४५० होते. आता ७३ वजा करायचे राहिले. नवातून कोणताही अंक हातचा न घेता वजा होत असल्याने बेरीज ७ अधिक ३, म्हणजे १० ने घटते व ४४० उरते. वैदिक गणिताच्या वर्गांत शिकवले जाणारे ‘निखिलं नवतश्चरमं दशतः’ (सगळे अंक नवातून, शेवटचा दहातून वजा करा) हे सूत्र हेच काम करते. मात्र ७४ ऐवजी ७४० असेल तर दहातून वजा करायचा अंक शेवटचा शून्य नसून त्याआधीचा ४ असतो, आणि तिथे मुले हमखास गोंधळतात. एक कमी करण्याच्या रीतीत हा प्रश्नच येत नाही : ७३९ च्या अंकांची बेरीज १९, म्हणून उत्तर ४३१.

दहाचे दोन घात आले तरी रीत बदलत नाही. १० च्या ८० व्या घातातून १० चा ३० वा घात आणि ७४ ही दोन्ही वजा करायची असतील, तर वजा होणाऱ्या एकूण संख्येतून १ कमी केल्यावर तिच्या अंकांची बेरीज १ अधिक ७ अधिक ३, म्हणजे ११ येते. ७२० मधून ११ गेले की ७०९.

मुलीला पुढचे उदाहरण म्हणून ५० नवांच्या संख्येला ७४ ने गुणायला सांगा. तो गुणाकार म्हणजे ७४ वर ५० शून्ये, वजा ७४. म्हणून उत्तरात आधी ७३ आणि त्यामागे आपलीच ५० अंकी संख्या येते. बेरीज १० अधिक ४४०, म्हणजे ४५०. ७४ च्या जागी १ पासून १० च्या ५० व्या घातापर्यंतची कोणतीही पूर्ण संख्या घेतली तरी ती ४५० च येईल; का, ते तिला वरच्या रीतीवरून शोधू द्या.