नाव आठवत नाही, म्हणजे सुरुवात झाली का?

"मॅडम, सुरुवात झाली का हो?" साठी-सत्तरीतली माणसं हल्ली सर्रास हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. कशाची, ते सहसा कुणी उच्चारत नाही.

असेच एक काका आले, निवृत्त बँक अधिकारी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) थोरल्या भावाच्या अल्झायमरमध्ये शेवटपर्यंत त्यांनीच त्याचं सगळं केलं होतं. खिशात छोटी वही. रोज सकाळी जुन्या सहकाऱ्यांची नावं आठवायची, अडलं की फुली मारायची.

"ही परीक्षा कोण घेतं?"

"मीच."

"आणि पेपर चालू असताना मनात काय चाललेलं असतं?"

"हेच, की दादाचंही असंच सुरू झालं होतं."

बोलणं पुढे नेण्याआधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. बी-१२, थायरॉइड, स्मृतीची चाचणी, सगळं वयाला साजेसं निघालं. काकांचा मात्र रिपोर्टवर विश्वास बसेना. बरीच सत्रं आम्ही तिथेच अडकलो होतो.

मग एकदा मी वही मिटायला लावली आणि शाखेतल्या दिवसांबद्दल विचारलं. काका खुलले. एका शनिवारी कॅश जुळेना, सगळे रात्री उशिरापर्यंत थांबले. "शेवटी चूक सापडली ती साळवीला..." आणि ते एकदम थांबले. त्याच सकाळी साळवींच्या नावापुढे फुली पडली होती. साळवींची गावी आंब्याची बाग, मुलगी नर्स, सगळं तेव्हा आठवत होतं, तेवढं नाव सोडून.

"आत्ता कसं आलं?"

"आत्ता मी आठवत नव्हतो, सांगत होतो."

इतकी वर्षं समुपदेशन करूनही इतकं नेमकं उत्तर मला स्वतःला सुचलं नसतं. माणसाला घटनेपेक्षा तिचा स्वतः लावलेला अर्थ जास्त छळतो, असं मी पहिल्यापासून मानत आले आहे. इथे मेंदूविज्ञानही त्याला दुजोरा देतं असं मला वाटतं.

मेंदूत लक्ष देण्याची, पाहण्या-ऐकण्याची, स्वतःशी चाललेल्या विचारांची अशी वेगवेगळी जाळी असतात. वयानुसार त्यांचा वेगळेपणा कमी होतो. जुन्या वाड्यात भिंती पातळ झाल्या की एका खोलीतलं बोलणं दुसरीत ऐकू यावं, तसं. २०१४ साली अमेरिकेतल्या डॅलसच्या संशोधकांनी २० ते ८९ वयाच्या २१० निरोगी माणसांचे स्कॅन अभ्यासले. ज्यांच्या जाळ्यांचा वेगळेपणा जास्त टिकला होता, त्यांची स्मृतीही सरस होती, मग वय काहीही असो. शिवाय एखादं काम हाती घेतलं की स्वतःशी बोलणारं जाळं मागे सरायला हवं. उतारवयात ते पूर्वीइतकं सरत नाही. त्यात आपणच भीतीचा आवाज मोठा केला, तर नाव कुठून सापडणार?

काकांना मी वही बंद करायला लावली आणि त्यांच्या नातवाला रोज शाखेतला एक किस्सा सांगायला सुचवलं. नाव अडलं तर पुढे जायचं. रोजचं भरभर चालणं सुरू झालं. काकू टीव्हीच्या आवाजाबद्दल कुरकुरत होत्या, म्हणून कानही तपासले. ऐकू कमी येत होतं, यंत्र लागलं. याला मी फार महत्त्व देते. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) टाळता येण्याजोग्या १४ जोखमींची जी यादी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिली, तिच्यात कमी ऐकू येणं आहे, रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणाही आहे. शब्दकोडी सोडवणारे कान तपासायला मात्र लाजतात!

नाव उशिरा आठवणं, चष्मा शोधणं, खोलीत गेल्यावर कशाला आलो ते विसरणं, एवढ्याने घाबरू नका. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारणं, सवयीचे पैशांचे व्यवहार न जमणं, असं दिसलं तर न्यूरोलॉजिस्टना गाठा. आणि "मला काही झालेलं नाही" असं जे ठामपणे म्हणतात, पण ज्यांच्या घरच्यांना बदल जाणवतोय, त्यांना आधी घेऊन जा. आपण विसरतोय हेच या आजारात पुष्कळदा लक्षात येत नाही.