उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक

प्रश्न : उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक या तिन्ही अलंकारांत तुलनाच असते, मग त्यांत फरक कोणता? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : फरक आहे तो उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) यांच्यातल्या अंतराचा. ‘शिडाची होडी बगळ्यासारखी पांढरी दिसते’ या वाक्यात होडी हे उपमेय, बगळा हे उपमान, पांढरेपणा हा समान धर्म आणि ‘सारखी’ हा साधर्म्यवाचक शब्द असे उपमेचे ४ घटक उघड दिसतात, आणि होडी व बगळा वेगळे आहेत याचा विसर पडत नाही. ‘ही होडी म्हणजे जणू खाडीवर उतरलेला बगळाच’ असे म्हटले, की उपमेय हे उपमानच असावे अशी कल्पना केली जाते; ही उत्प्रेक्षा. ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’, ‘भासे’ हे शब्द तिची खूण मानले जातात, पण केवळ खुणेवर विसंबू नये (ही सवय बहुधा परीक्षेच्या तयारीतूनच लागते), कारण ‘आज बांगडा स्वस्त झाला असे वाटते’ या वाक्यात ‘वाटते’ असूनही अलंकार नाही. रूपकात अंतरच मिटते : ‘होडीचा हा बगळा बंदरात शिरला.’