क्वांटम सिद्धांतातून माणसाचा निर्णय समजतो का?

तुम्ही विचारलंय, मेंदूत क्वांटम घडामोडी होतात म्हणून माणूस असे विचित्र निर्णय घेतो का. मेंदूचं आधी उरकतो. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांच्या २००० सालच्या हिशोबानुसार मेंदूसारख्या उबदार जागी नाजूक क्वांटम अवस्था सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागात, किंवा त्याआधीच, मोडतात. तेव्हा ‘क्वांटम मना’ची शिबिरं भरवणाऱ्यांना लांबूनच रामराम. निर्णयांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी क्वांटम सिद्धांताकडून उसनं घेतलंय ते फक्त गणित.

मी अमळनेरकडचा. एका साली पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, सगळ्यांच्या अंगाला खाज. आबांना विचारलं, भाव वाढला तर? “इकी टाकसूत.” पडला तर? तरी विकायचा, आणखी पडायच्या आत. मार्चअखेर सोसायटीचं कर्ज होतंच. मग आजच का नाही? “देखूत.”

दोन्हीकडून उत्तर एकच, तर कळायची वाट कशाला? संख्याशास्त्रज्ञ सॅव्हेज यांनी १९५४ मध्ये हाच नियम मांडला. ट्वर्स्की आणि शाफिर या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये तो मोडताना दाखवला: २०० डॉलर जिंका किंवा १०० हरा, अशी पैज. पहिली जिंकल्याचं कळल्यावर ६९ टक्के पुन्हा खेळायला तयार, हरल्याचं कळल्यावर ५९. निकालच न सांगता विचारलं, तर ३६! साध्या संभाव्यतेत हा आकडा ५९ आणि ६९ च्या मध्येच हवा.

भौतिकशास्त्रातल्या दोन फटींच्या प्रयोगात असंच होतं; तिथे इलेक्ट्रॉन दोन बारीक फटींकडे सोडतात. इलेक्ट्रॉन कुठल्या फटीतून गेला हे कळत नसेल, तर आधी दोन्ही वाटांचे आयाम (लाटेसारखे आकडे, एकमेकांना खोडूही शकणारे) जोडायचे, मग वर्ग केला की संभाव्यता मिळते. त्यात एक जादा पद येतं आणि ते बेरीज घटवूही शकतं. बुसमायर वगैरे मानसशास्त्रज्ञांनी ते पद या पैजेच्या आकड्यांना लावलं. पण हे पद आकडे पाहून मागाहून बसवता येतं, म्हणून माझं फारसं समाधान होत नाही.

प्रश्नांच्या क्रमाचं काम जास्त भक्कम वाटतं. १९९७ च्या गॅलप या अमेरिकन जनमत पाहणीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन प्रामाणिक आहेत का, हे आधी विचारलं तर ५० टक्के हो म्हणाले. आधी उपराष्ट्राध्यक्ष गोर यांच्याबद्दल विचारून मग क्लिंटनबद्दल विचारलं तर ५७. क्वांटम गणित म्हणतं, क्रम उलटला तरी दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देणाऱ्यांचं (दोन्ही हो किंवा दोन्ही नाही) एकूण प्रमाण बदलू नये. इथे मागाहून जुळवायला काहीच हाताशी नाही. २०१४ मध्ये सत्तर राष्ट्रीय पाहण्यांवर ते तपासलं, आणि बहुतेक ठिकाणी जमलं.

आबांच्या कापसाला मात्र मी ट्वर्स्की-शाफिरांचाच साधा खुलासा लावतो: वाढला तर एक कारण, पडला तर दुसरं, आणि काहीच कळलं नाही तर हाताशी कारणच नाही. शेवटी सोसायटीचे सचिव दारात आले त्या दिवशी कापूस गेला. भाव तोवर होता तिथेच होता.