जेट वाचवायला हवी होती का?

काल तुझा मेसेज वाचला, सरकारने जेट एअरवेजला वाचवायलाच पाहिजे होतं असं तुझं ठाम म्हणणं आहे, आणि तुमच्या घरातला एक पगार तिथूनच यायचा हे मला माहितीये, म्हणून लगेच दोन ओळीत उत्तर दिलं नाही.

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं. बँकांनी तातडीचे ४०० कोटी द्यायला नकार दिला होता. तेव्हा मलाही वाटलं होतं की एवढे दिले असते तर काय बिघडलं असतं, पण अरे, जेटवर बँकांचंच ८ हजार कोटींच्या वर देणं होतं, ते ४०० कोटी थोड्या दिवसांच्या इंधनात आणि थकलेल्या भाड्यात संपले असते आणि पुढच्या महिन्यात परत हात पसरायची वेळ आली असती. एअर इंडियाचं बघ ना, २०१२ मधे ३० हजार कोटींच्या आसपासचं पॅकेज मंजूर झालं, आणि शेवटी २०२१ मधे टाटांना विकली तेव्हा रोख आले २,७०० कोटी, टाटांनी १५,३०० कोटींचं कर्ज उचललं, बाकीचं ४६ हजार कोटींचं सरकारच्याच गळ्यात, म्हणजे तुझ्यामाझ्या.

बँकेचं मात्र वेगळं. मार्च २०२० मधे येस बँकेतून पैसे काढायला ५० हजारांची मर्यादा आली आणि १३ दिवसात उठली, कारण स्टेट बँक आणि बाकीच्या बँकांनी पैसे घातले. ते बरोबरच होतं, ठेवीदाराने काय पाप केलं होतं.

मला राग आहे तो जेट बंद पडल्यानंतरच्या साडेपाच वर्षांचा. जून २०१९ मधे केस एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीचे खटले चालतात त्या न्यायाधिकरणात गेली, २०२१ मधे नवीन मालकांचा प्लॅन मंजूर झाला, मग पैसे कधी भरायचे यावरून वाद, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनी मोडीत काढा. दिवाळखोरीच्या कायद्यात मुदत आहे ३३० दिवसांची! तोवर स्लॉट, म्हणजे विमानतळावरच्या ठरलेल्या वेळा, दुसऱ्या कंपन्यांकडे गेले, उभ्या विमानांची किंमत उतरत गेली, वाटायला उरणार तरी काय?

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप होतं तेव्हा आमचं मोठं गिऱ्हाईक असंच बुडालं, माझं ९ लाखांचं बिल अडकलं, क्लेम मान्यही झाला आणि तीन वर्षांनी हातात ४० हजार सुद्धा आले नाहीत, त्या दिवाळीला पोरांना बोनस देता आला नाही ते अजून टोचतं. तरी ती कंपनी सरकारने वाचवायला हवी होती असं मी म्हणणार नाही. ती लवकर विकायला हवी होती, मशिनरी चालू असताना.

आणि बुडालेल्या कंपनीचे पैसे वाटायची रांग बदलायला हवी. लिक्विडेशनमधे, म्हणजे कंपनी मोडीत काढताना, कामगारांचे २४ महिन्यांचे पैसे तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात, पण कायद्याच्या व्याख्येत जे कामगार बसत नाहीत, म्हणजे मॅनेजर मंडळी वगैरे, त्यांचा फक्त १२ महिन्यांचा पगार आणि तोही बँकांच्या नंतर. हे मला अजिबात पटत नाही. भांडायचं तर यासाठी भांड.

घरी क्लेमचा फॉर्म भरलाय का ते आधी विचार. पीएफचा पैसा या रांगेत येत नाही, तो वेगळा असतो, त्याचं पासबुक काढून ठेव. पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, जे सापडेल ते घेऊन रविवारी सकाळी ये, आपण बसून बघू.