पॉलिशची बाटली सर्वांत शेवटी

प्रश्न : मी नुकतीच गडद निळ्या रंगाची, सहा वर्षे वापरलेली हॅचबॅक विकत घेतली. सावलीत ती छान दिसते, परंतु उन्हात उभी केली की बॉनेटवर बारीक गोलाकार रेघा उठून दिसतात. दुकानदाराने रबिंग कंपाउंड, पॉलिश, वॅक्स, सीलंट आणि सिरॅमिक स्प्रे अशी पाच बाटल्यांची यादी हातात दिली आहे. हे काम मी पूर्वी कधी केलेले नाही. यांतील नेमके काय घ्यावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : या पाच बाटल्यांपैकी आज आपल्याला फार तर एका बाटलीची गरज आहे, आणि ज्या वस्तूंची खरी गरज आहे त्या या यादीत नाहीतच. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. त्यातील सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ढोबळमानाने ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. आपल्याला दिसणाऱ्या रेघा याच थरात आहेत. कंपाउंड आणि पॉलिश या दोन्हींत बारीक घासणारे कण असतात. ते रेघ भरून काढत नाहीत, तर रेघेच्या आजूबाजूचा थर झिजवून तिच्या पातळीला आणतात. वॅक्स, सीलंट आणि सिरॅमिक स्प्रे यांचे काम नेमके उलट आहे, म्हणजे काही न काढता वर एक पातळ संरक्षक थर ठेवणे. (काही उत्पादनांत दोन्ही कामे एकत्र असतात, त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे.) दुकानात या सर्व बाटल्या एकाच फळीवर मांडलेल्या असतात आणि बोलताना सगळ्यांनाच ‘पॉलिश’ म्हटले जाते, त्यामुळे नवशिक्याची गल्लत होते.

रेघा पडल्या कशाने, हे आधी पाहावे. बहुतेक वेळा त्या गाडी चालवताना नव्हे, तर पुसताना पडतात. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणाऱ्याकडे एक बादली आणि एक फडके असते; चार-पाच गाड्या होईतो बादलीच्या तळाशी मातीचा गाळ बसतो, आणि त्याच फडक्याने तो पुढच्या बॉनेटवर गोल गोल हात फिरवतो. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला तेवढ्या वेळात तेवढ्याच पैशांत तेवढ्या गाड्या उरकायच्या असतात. परंतु ही पद्धत चालू ठेवून केलेले पॉलिश महिनाभरात वाया जाते. म्हणून कोरड्या धुळीवर फडके फिरवू नये, एवढे त्याला सांगावे, आणि शक्य असल्यास आठवड्यातून एकदा गाडी स्वतः धुवावी.

तेव्हा पहिली खरेदी अशी करावी : गाडीसाठीचा पीएच न्यूट्रल (म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा) शाम्पू, दोन बादल्या, एक मायक्रोफायबरचा वॉश मिट (हातात घालून गाडी धुण्याचा मऊ मोजा), पाणी टिपण्यासाठी एक मोठा जाड टॉवेल आणि चार-पाच मायक्रोफायबर फडकी. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने धूळ काढून टाकावी. मग एका बादलीत शाम्पूचे व दुसरीत साधे पाणी घेऊन, प्रत्येक पत्रा धुतल्यावर मिट साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवावा. काम छपरापासून खाली करत यावे. दारांचा खालचा भाग आणि चाके सर्वांत शेवटी, तीही वेगळ्या फडक्याने. खाली पडलेले फडके, ते कितीही स्वच्छ दिसो, त्या दिवशी पुन्हा गाडीला लावू नये.

धुतल्यावर हातावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवून बॉनेटवरून अलगद बोटे फिरवून पाहावीत. पिशवीतून खरखर जाणवली तर डांबराचे थेंब, लोहाचे कण किंवा झाडाचा चीक रंगाला चिकटलेला आहे असे समजावे आणि क्ले बार, म्हणजे असा चिकटलेला मळ उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी, घ्यावा. तो भरपूर वंगणासह, म्हणजे सोबत मिळणाऱ्या द्रवासह किंवा शाम्पूच्या पाण्यासह, दाब न देता फिरवावा आणि सतत मळून स्वच्छ बाजू वर आणावी. जमिनीवर पडलेला क्ले बार सरळ टाकून द्यावा. पिशवी गुळगुळीत फिरत असेल तर हा खर्च वाचला.

आता रेघांकडे वळू. नख आडवे फिरवल्यावर जिथे अडकते तो चरा पॉलिशने जाणार नाही. त्याला टचअप (तेवढ्याच जागी लावायचा गाडीच्या रंगाचा रंग) किंवा रंगाऱ्याचाच मार्ग. नख अडकत नसेल तर कंपाउंड बाजूला ठेवून, सौम्य पॉलिश आणि वॅक्स एकत्र असलेले ‘क्लीनर वॅक्स’ घ्यावे. थ्रीएम, टर्टल वॅक्स, फॉर्म्युला वन, मॅग्वायर्स अशा कंपन्यांची या प्रकारची उत्पादने आपल्याकडे मिळतात. नवशिक्याच्या हाती त्यांत फार मोठा फरक पडत नाही, म्हणून नावापेक्षा लेबलावरील प्रकार वाचून घ्यावे. प्रथम डिकीच्या झाकणावर फूटभर जागेत करून पाहावे. पत्रा थंड असावा, गाडी सावलीत असावी, फोमच्या पॅडवर थोडेच द्रव्य घ्यावे आणि एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोनच हाताळावा. हाताने केलेल्या कामात सगळ्या रेघा जाणार नाहीत. निम्म्या जरी मंदावल्या तरी थांबावे. पत्र्याच्या कडा आणि उठावाच्या रेषा यांवर थर मुळातच पातळ असतो, तिथे जोर लावू नये. मशिन घेण्याचा मोह झाला तर ते ड्युअल ॲक्शन प्रकारचेच, म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरता फिरता हलतही राहते असे, घ्यावे, कारण गॅरेजमधील एकाच जागी गरगर फिरणारे रोटरी मशिन अननुभवी हातात काही क्षणांत कडेचा रंग उडवते. फडक्यावर गाडीचा निळा रंग उतरू लागला तर लगेच थांबावे : तो पत्रा परत रंगवताना वर क्लिअर कोट दिलेला नसावा किंवा असलेला झिजून गेला असावा. सेकंडहँड गाडीच्या बाबतीत ही शक्यता धरूनच चालावे.

यानंतर सीलंट. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडापासून मिळणाऱ्या कार्नोबा वॅक्सची झळाळी गडद रंगावर खुलते हे खरे, पण आपल्या उन्हात ते काही आठवड्यांतच विरते. कृत्रिम सीलंट काही महिने साथ देतो. वर्षातून दोन-तीनदाच वेळ मिळणाऱ्याने सीलंटच घ्यावा. थर जितका पातळ तितका पुसायला सोपा, आणि काळ्या प्लॅस्टिकवर तो लागू देऊ नये. पांढरे डाग पडतात व सहजी निघत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचेच पाणी आहे. काळ्या गाडीवर पांढरे गोल डाग राहतात. सीलंटने ते जातील का? (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : जाणार नाहीत, उलट सीलंटखाली ते झाकले जातील. पाणी वाळले की त्यातील कॅल्शियमचे क्षार मागे उरतात. ताज्या डागांवर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन भिजवलेले फडके एखादा मिनिट ठेवावे, मग भरपूर पाण्याने धुवावे. हे थंड पत्र्यावर आणि सावलीतच करावे. व्हिनेगरने आधीचे वॅक्सही उतरू शकते, तेव्हा नंतर सीलंट लावावा. जुने डाग क्लिअर कोटमध्ये खोल उतरलेले असतात. ते व्हिनेगरने जात नाहीत. पुढे मात्र धुतलेली गाडी उन्हात वाळत ठेवू नये आणि शेवटच्या धारेसाठी दोन बादल्या नळाचे किंवा फिल्टरचे गोडे पाणी राखून ठेवावे.

प्रश्न : समुद्राजवळ राहतो. वॅक्स लावल्यास गंज थांबेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : रंग शाबूत असेल तिथे पत्रा सुरक्षितच असतो, गंज सुरू होतो तो खडी लागून टवका उडालेल्या जागी, दारांच्या खालच्या शिवणीत आणि गाडीच्या पोटाखाली, आणि तिथे वॅक्स पोहोचत नाही. टवक्यांवर टचअपचा रंग लावावा, दारांच्या खालची पाणी निघण्याची छिद्रे काडीने मोकळी ठेवावीत आणि गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुऊन घ्यावे. सीलंट मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी लावावा आणि पाऊस उघडल्यावर पुन्हा लावावा. पक्ष्यांची विष्ठा किंवा फणसाचा चीक दिसताच ओले फडके ठेवून मऊ करून काढावा. उन्हात राहिला तर रंगावर कायमचा ठसा उमटतो. मळक्या गाडीवर कव्हर घालू नये, वाऱ्याने ते घासते.

प्रश्न : चरा घालवण्यासाठी टूथपेस्ट वापरावी का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, त्यामुळे चरा थोडा फिका झाल्यासारखा वाटतो, परंतु ते कण दातांसाठी ठरवलेले असल्याने भोवतालचा रंग निस्तेज होतो. तेवढ्या जागेपुरते सौम्य पॉलिश लहान बाटलीत मिळते, ते घ्यावे. कपड्यांची पावडर आणि रॉकेल यांनीही गाडी पुसू नये.